पाणवठ्यावरचं गाऱ्हाणं

झऱ्याच्या पाण्यावर कोंबडीच्या रश्श्याचा तवंग फिरत होता. लाल, चकचकीत, मधूनच कांद्याचा एखादा तुकडा घेऊन. काठावर उकिडवा बसून विराज काथ्याने पातेलं घासत होता आणि घासलेलं तिथेच खळबळवत होता. इशिताने तोंड फिरवलं, तर दुसऱ्या काठावर पुण्याचे एक काका विजार गुडघ्यापर्यंत वर करून त्याच पाण्यात पाय सोडून बसलेले. पायांना फोड आले होते, मान्य. पण ते नव्याकोऱ्या बुटांनी आले होते, त्यात झऱ्याचा काय दोष?

"काका, हे प्यायचं पाणी आहे," ती म्हणाली.

"वाहतंय की," काका म्हणाले आणि बोटांच्या बेचक्या चोळू लागले.

ही मिठाची वाट. मालवणच्या किनाऱ्यावरून निघते, कातळाचे सडे आणि रानं तुडवत सह्याद्रीच्या पायथ्याला येते आणि घाट चढून खिंडीत पोचते. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि सुकी मासळी लादून व्यापारी या वाटेने वर जात, येताना गूळ-जोंधळे घेऊन उतरत. गाडीरस्ता झाला आणि वाट करवंदीच्या जाळ्यांत गडप झाली. ती केयूरने शोधून काढली. कोयता घेऊन स्वतः साफ केली. आता थंडीच्या दिवसांत तो शहरातल्या मंडळींना ती चालवून आणायचा. निघताना प्रत्येकाच्या हातात मिठाची पुरचुंडी द्यायची आणि खिंडीतल्या देवापुढे ती ठेवायची, ही त्याचीच कल्पना. कल्पना चांगली होती. केयूरच्या कल्पना चांगल्याच असत.

इशिता देवगडची, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणारी. केयूरशी तिचा साखरपुडा दिवाळीनंतर झाला होता आणि लग्न माघात होतं. हॉल ठरला होता, शालू घेऊन झाला होता, आणि बाबांनी कलमांचा मोहोर बघायचं सोडून पत्रिकेचा मजकूर बघायला घेतला होता. केयूर घरात सगळ्यांना आवडला, कारण तो कोणालाही नाही म्हणत नसे. बाबांनी विचारलं, अधूनमधून देवगडात येऊन राहाल ना? तर "हो, का नाही!" आईने विचारलं, हिची शाळा चालू राहील ना? तर "हो, म्हणजे काय!" इतक्या गोड हो-ने इशितालाच कधीकधी धास्ती वाटायची. ज्याच्याशी लग्न करायचं तो माणूस काम करताना कसा असतो ते एकदा बघावं, म्हणून ती शाळेतून रजा काढून ही वाट चालायला आली होती. आणि तिने बघितलं. पोटभर बघितलं.

मालवण मागे पडायच्या आत कोणाच्या तरी पाठीवरच्या स्पीकरच्या डब्यातून गाणी सुरू झाली, ती घाटाच्या पायथ्यापर्यंत थांबली नाहीत. पाखरं उडून गेली, मंडळी मात्र विचारत राहिली की इथे पक्षी का दिसत नाहीत. पिंगुळीच्या मुक्कामात केयूरने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ठेवला होता. मंडळींनी तो फोनच्या पडद्यातून पाहिला आणि खेळ रंगात असतानाच जेवण कधी म्हणून विचारलं. सड्यावर, कातळावर, करवंदीच्या काट्यांवर ओले टिश्शूपेपर लटकले. सकाळी पोट हलकं करायला वाट सोडून आत जायचेही कष्ट कोणी घेत नव्हतं, त्यामुळे खाली बघत चालावं लागे, आणि पुढे केयूर हात उंचावून सांगत असे, "मंडळी, वर बघा, निसर्ग बघा!"

इशिता प्रत्येक वेळी त्याला बाजूला घ्यायची. तो प्रत्येक वेळी मान डोलवायचा.

"हो गो. सांगतंय त्येंका."

सांगितलं त्याने एकदाही नाही.

आज तर कळस झाला होता. सकाळी झऱ्यापाशी पोचल्याबरोबर केयूरने कॅमेऱ्यापुढे उभं राहून सुरेख भाषण दिलं. कॅमेरा विराजकडे, तो केयूरचा मित्र, रील काढणारा तोच आणि स्वयंपाकीही तोच. केयूर म्हणाला, या आंब्याखाली राखणदाराचं ठाणं आहे. राखणदार म्हणजे या सीमेचा धनी. त्याच्या पाण्याला यायचं तर पायातलं लांब काढून यायचं, पाणी घ्यायचं ते या करवंटीनेच, उष्टं भांडं पाण्यात बुडवायचं नाही. मंडळींनी माना हलवल्या. मग कॅमेरा बंद झाला, चूल पेटली आणि कोंबडी शिजली.

"आज गुरुवार आसा," इशिता हळूच म्हणाली होती. "मार्गशीर्षातलो. आणि तू हय, देवाच्या फुड्यात कोंबडी शिजवतंस?"

"हो गो, माका समाजता. पण लोकांका गावठी कोंबडी होयी आसा, काय करू?"

आणि आता पातेलं पाण्यात होतं. झऱ्याच्या कुंडातून एक काळा पाइप निघून झुडपांतून खालच्या वाडीकडे गेला होता. केयूरला तो दिसत नव्हता असं नाही. त्याच्यावरून पाय टाकूनच तो चुलीपाशी ये-जा करत होता.

"केयूर, ह्या पाणी लोकांच्या घरात जाता," इशिता म्हणाली.

"हो, हो. विराज, आटप रे." एवढं बोलून तो काकांच्या फोडांना मलम लावायला गेला. मलम मात्र त्याने अगदी मायेने लावलं.

थोड्या वेळाने खालच्या पायवाटेवरून आधी आवाज वर आला आणि मग बाई. पन्नाशीची, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केसांत झेंडूचं फूल, दम लागलेला पण तोंड थांबलेलं नाही. वाडीतली कावेरी.

"शिरा पडो तुमच्या तोंडार! कोणी केल्यान ह्या? टाकयेतला पाणी कळशेत घेतलंय तर हाताक तेल! वास इलो तो कोंबयेचो! आज माजो उपास, मेल्यांनो! सकाळी घट मांडलंय, आणि दुपारच्या नैवेद्याक ह्या पाणी? माज्या देवीक कोंबयेचो रस्सो पाजतास?"

विराज उठला. पातेलं सरकून झुडपामागे गेलं, काथ्या मात्र हातातच राहिला. पुण्याच्या काकांनी पाय बाहेर काढले. सगळे केयूरकडे बघू लागले, आणि इशिताही. तिला खरंच वाटलं की आता हा म्हणेल, चुकलो काकी. दोन शब्दांचं काम होतं.

केयूर पुढे झाला, दोन्ही हात जोडून, तोंडावर तेच गोड हसू.

"कावेरीकाकी, आवशीची शप्पत, आमी नाय. आमच्या फुडे एक ग्रुप गेलो, घाटावरचो. त्येनीच चूल मांडल्यानी, त्येनीच घाण केल्यानी. आमी तर साफ करूक बसलंव. हो बघ विराज, काथो घेवन बसलो आसा!"

विराजने काथ्या वर करून दाखवला. इशिताला शिसारी आली, अगदी पायाच्या नखापर्यंत. खोटं तिने शाळेत रोज ऐकलं होतं. पोरं घाबरून खोटं बोलत, अडखळत, कान लाल करत. हा अडखळलाच नाही.

कावेरीने चुलीकडे पाहिलं, काथ्याकडे पाहिलं.

"राखणदाराच्या फुड्यात सांगशीत?"

"कित्याक नाय?" केयूर म्हणाला.

कावेरीने पायातल्या वहाणा लांब काढल्या आणि आंब्याखालच्या शेंदरी दगडापुढे उभी राहिली. तिच्यामागे केयूर, विराज आणि उत्साहाने सगळी मंडळी. गाऱ्हाण्याची रीत तिकडे कोणाला शिकवावी लागत नाही. एकाने देवापुढे बोलायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे नुसता गलका करायचा नसतो. त्या बोलण्यात आपलाही शब्द घालायचा असतो. कोर्टात बेधडक खोटं बोलणारा माणूससुद्धा इथे निदान गप्प राहतो.

"बा राखणदारा," कावेरीने आवाज चढवला, "ह्या पाण्याचो तू धनी. ही पोरा सांगतत, पाणी आमी बाटवूक नाय. ता खरा आसात तर त्येंका बऱ्यान घाटार ने, त्येंच्या वाटेत काटो येवक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" केयूर खणखणीत म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" मंडळी ओरडली. त्यांना हे फारच आवडलं. केयूरने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं त्यांना.

कावेरीने मान वळवून इशिताकडे पाहिलं. ओरडणाऱ्यांत तिचा आवाज नव्हता. केयूरने तिच्या कोपराला हलकेच हात लावला. सगळे तिच्याकडे बघत होते, गोष्ट लांबत होती, आणि इशिताच्या तोंडून ते बाहेर पडलं.

"व्हय म्हाराजा."

कावेरीचा चेहरा निवळला. तिचा विश्वास बसला, हेच वाईट झालं.

"तुजो घोव काय गो ह्यो?"

"होवचो आसा," केयूरच बोलला. "माघात."

"बरो आसा. लोकांची घाण काढूक बसता. नशीब काढलंस, बाये." पदराची गाठ सोडून तिने चार पेरू काढले. उपासाला म्हणून सकाळीच बांधून ठेवलेले. "घेवा. चालून दमल्यात." मग वहाणा घालता घालता पुन्हा तिचं तोंड सुरू झालं, आता त्या घाटावरच्या नसलेल्या ग्रुपच्या नावाने. टाकी उपसायची, घासायची, देवीसाठी नवं पाणी आणायचं, म्हणजे अख्खा दिवस गेला मातीत. शिव्या देत ती खाली उतरून गेली.

मंडळी पुढे निघाली आणि वळणावर आंबा दिसेनासा झाला तेव्हा विराजने कावेरीची नक्कल केली. "शिरा पडो!" हुबेहूब केली. केयूर पोट धरून हसला. मागून येणाऱ्या एका बाईंनी पेरूचा एक घास घेतला, कडक आहे म्हणाल्या आणि उरलेला दरीत भिरकावला.

"तू खोटा बोललंस," इशिता म्हणाली.

"मगे काय सांगू? ती वाडीवाल्यांका जमवतली, वाट बंद करतली. इतक्या वर्साची मेहनत आसा माजी." तो खरंच दुखावल्यासारखा बोलत होता. "व्हय म्हणूक काय जाता गो? तिचा समाधान झाला, लोकांका मजा इली. कोणाचा काय वाकडा झाला?"

"राखणदाराच्या फुड्यात बोललंस."

"तो काय तिका फोन करतलो?" केयूर हसला आणि मग अगदी सहज म्हणाला, "आणि तू पण व्हय म्हटलंस मा?"

तिनेही म्हटलं होतं. कोणी गळा धरला नव्हता. फक्त चारचौघांत अवघडल्यासारखं झालं म्हणून तिने त्या बाईच्या देवापुढे खोट्यात आपला शब्द घातला होता. केयूरची किळस येत होती ती येतच होती, पण आता स्वतःच्या जिभेचीही येऊ लागली. बाटलीत त्याच झऱ्याचं पाणी होतं, पातेलं बुडायच्या आधी भरलेलं, स्वच्छ. तिने घोट घेतला आणि थुंकून टाकला. मसाल्याची चव लागली तिला, नसताना.

घाट चढताना ती मागे राहून त्याला बघत होती. काकांची पिशवी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. दमलेल्या बाईंना हात देत होता, जोक करत होता, पोचायला किती वेळ लागेल असं कोणी विचारलं की "हे काय, आलंच!" म्हणत होता. एवढा सालस माणूस देवगड-मालवणात शोधून सापडला नसता. माघात हाच अंतरपाटापलीकडे उभा राहणार होता आणि गुरुजी जे विचारतील त्याला याच तोंडाने, याच आवाजात हो म्हणणार होता. आणि मग ती जन्मभर त्या हो-चा अर्थ लावत बसणार होती. आईच्या आजारपणात, पोरांच्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात, जिथे तिथे हा हो म्हणेल आणि पातेलं झुडपामागे सरकवेल. आणि हळूहळू आपल्यालाही सवय होईल. आज कोपराला नुसता हात लागला तर झालीच होती.

खिंडीत वारा होता आणि ऊन अजून वर होतं. दगडांचा ढिगारा हाच तिथला देव, त्याच्यापाशी भाई वाट बघत उभे होते. भाई वरच्या गावचे मानकरी, गाऱ्हाणं ठेवायला केयूर त्यांना दर खेपेला बोलवायचा. नारळ, पानाचा विडा, सगळी तयारी झाली होती. केयूरने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. भाईंनी इशिताकडे बघून मान डोलवली.

"भाई, तोंड जरा इकडे करा," विराज कॅमेऱ्यामागून म्हणाला. "उजेड चांगला आहे."

"देव थंय आसा आणि मी तोंड हय करू?" भाई कुरकुरले, पण थोडे वळले.

मंडळींनी मिठाच्या पुरचुंड्या दगडांपुढे ठेवल्या. इशिताची खिशातच राहिली. भाईंनी नारळ हातात धरला, डोळे मिटले, आणि त्यांचा आवाज बदलला. कॅमेरा, उजेड, सगळं ते विसरले असावेत.

"बा देवा म्हाराजा! दर्याकडसून चलत चलत ही लेकरा तुज्या पायाकडे इली आसत. त्येंचो शीण काढून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येनी वाटेत चुकान काय पाप केल्यानी आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" केयूर सगळ्यांत मोठ्याने.

"आणि ह्यो केयूर आणि ही इशिता लगीन करतत. त्येंका एकमेकांच्या शब्दात ऱ्हवक दी, त्येंचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," इशिता म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण वारा नेमका तेव्हाच पडला होता. भाईंनी डोळे उघडले. एवढ्या वर्षांच्या गाऱ्हाण्यांत हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा. मंडळी हसली, त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग.

"अरे यार," विराज म्हणाला. "परत घेऊया. भाई, लग्नापासून परत."

"परत?" भाईंचा आवाज चढला. "गाऱ्हाणा परत घेवक तो काय पिच्चर आसा?" त्यांनी नारळ न फोडताच खाली ठेवला. "काय म्हटलंस गो बाये? देवाक सांग. आमका नको."

इशिता दगडांकडे वळली.

"खाली राखणदाराचा पाणी आमीच बाटवलंव. गुरुवारी कोंबडी शिजवलंव, पातेला झऱ्यात घासलंव. मगे त्याच्याच फुड्यात 'आमी नाय' म्हणान व्हय म्हटलंव. मी पण म्हटलंय. ता माजा व्हय मी परत घेतंय. आणि ह्या लग्नाक माजा नाय, म्हाराजा."

आता कोणी हसलं नाही. काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"दमलीय ती," केयूर मंडळींना म्हणाला, शुद्ध मराठीत, हसू तसंच ठेवून. मग तिच्याजवळ आला आणि आवाज खाली केला. "इशिता, हॉल बुक झालो आसा गो. घराक गेल्यार बोलया, हो?"

"नाय."

तो शब्द पहिल्यांदा म्हणताना जड गेला होता, आता गेला नाही. तिने विराजच्या पिशवीतून काथ्या काढून घेतला आणि एकटीच वाट उतरू लागली. मागून केयूरने दोनदा हाक मारली. मग त्याचा आवाज मंडळींकडे वळला, काहीतरी गमतीचं सांगू लागला.

ती वाडीत पोचली तेव्हा उन्हं कलली होती. कावेरी उपसलेल्या टाकीत उभी राहून झाडूने भिंती घासत होती. तळाशी घोट्याएवढं पाणी राहिलं होतं, त्यावर अजून लाल तवंग, आणि उन्हात तापलेल्या सिमेंटमधून रश्श्याचा वास येत होता. या वेळी इशिताने तोंड फिरवलं नाही.

"काकी, घाटावरचो ग्रुप बीप काय नव्हतो. आमीच केलंव."

कावेरीचा झाडू थांबला. मग तिने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. केयूरला दिल्या, विराजला दिल्या, इशिताच्या आईबापांना आणि तिच्या शाळेला दिल्या, आणि शेवटी दिलेले पेरू आठवून आणखी दिल्या. इशिताने सगळ्या उभ्याने ऐकल्या. त्यातली एकही चुकीची वाटली नाही तिला.

दम लागल्यावर कावेरीने पदराने तोंड पुसलं आणि पायवाटेकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"एकटीच इलंस? तुजो घोव खंय?"

"माका घोव नाय."

कावेरीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातल्या काथ्याकडे, मग खिशातून काढून तिने टाकीच्या काठावर ठेवलेल्या मिठाच्या पुरचुंडीकडे. तेलकटाला मीठ चांगलं, हे दोघींनाही सांगावं लागलं नाही.

"बूट भायर काढ," कावेरी म्हणाली. "आणि उतर खाली."